प्रिंटर कोणत्या कॉम्प्युटरला चालतो, कुठे हळू छापतो आणि का: डिचोलीतल्या दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली बाजारात आमचं प्रिंटर दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. चवथीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिका, जत्रेच्या आधी नाटकांची हँडबिलं आणि मार्चमध्ये सगळ्यांचे हिशोब. त्या दिवसांत काउंटरवर उभ्या उभ्या जे प्रश्न येतात तेच इथे लिहिले आहेत. निम्मे प्रश्न प्रिंटर विकत घेतल्यानंतर येतात. ते आधी आले असते तर बरं, म्हणून हा खटाटोप.

कुठलाही प्रिंटर कुठल्याही कॉम्प्युटरला चालतो ना? केबल तर सगळ्यांची सारखीच असते.

केबल सारखी असते, बोली सारखी नसते. कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकमेकांशी एका ठरावीक भाषेत बोलतात आणि प्रिंटरला कुठली भाषा समजते यावर तो विंडोजला, मॅकला की लिनक्सला चालणार हे ठरतं.

ढोबळमानाने प्रिंटर दोन प्रकारचे. पहिल्या प्रकाराला स्वतःचं डोकं असतं. 'इथे एवढ्या आकाराचं अक्षर काढ, तिथे रेघ मार' असं कॉम्प्युटरने सांगितलं की पान तो स्वतः रचतो. पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल या दोन भाषा १९८४ पासून हेच काम करत आल्या आहेत. या भाषा समजणारा प्रिंटर कुठल्याही सिस्टिमशी जोडा, सहसा कुरकुर करत नाही.

दुसरा प्रकार नुसता हरकाम्या. पान रचण्याचं सगळं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, म्हणजे त्या प्रिंटरसाठीचा छोटा प्रोग्रॅम, करतो आणि तयार ठिपके प्रिंटरकडे पाठवतो. प्रिंटर फक्त ते कागदावर उतरवतो. याला जीडीआय किंवा होस्ट-बेस्ड प्रिंटर म्हणतात. आतलं प्रोसेसर-मेमरीचं सामान कमी असल्यामुळे तो स्वस्त पडतो आणि आपल्याकडे घरोघरी हाच पोचला आहे. पण डोकं ड्रायव्हरमध्ये असल्यामुळे त्या सिस्टिमसाठी ड्रायव्हरच नसेल तर प्रिंटर म्हणजे झाकण असलेली पेटी.

विकत घेताना 'विंडोजला चालतो का' एवढंच विचारू नका. 'पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट आहे का, एअरप्रिंट (वेगळा ड्रायव्हर न लागणारी अॅपलची छपाई) आहे का' हे विचारा. विक्रेता गोंधळला तर खोक्याची मागची बाजू स्वतः वाचा.

खोक्यावर मिनिटाला २० पानं लिहिलंय. माझ्याकडे पाचसुद्धा येत नाहीत. फसवलं का?

फसवलं नाही, पण अर्धंच सांगितलं. तो आकडा आयएसओ २४७३४ या मानकाप्रमाणे काढलेला असतो. वर्ड, एक्सेल आणि पीडीएफच्या ठरावीक फाईली, एकाच बाजूने, इंजिन एकदा फिरायला लागल्यावरचा वेग. मिनिटाला २० म्हणजे पानाला तीन सेकंद.

तुम्ही मात्र दिवसभर एकेक पान छापता. प्रत्येक वेळी प्रिंटर झोपेतून उठतो, फ्यूजर (छपाईची भुकटी कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापवतो, मगच कागद ओढतो. त्यामुळे घरच्या आणि लहान ऑफिसच्या वापरात मिनिटाच्या आकड्यापेक्षा 'पहिलं पान किती सेकंदांत' हा आकडा जास्त कामाचा. तोही माहितीपत्रकात असतो, फक्त बारीक अक्षरात.

शिवाय दोन्ही बाजूंनी छापायला घेतलं की वेग पडतो, कारण तोच कागद पुन्हा आत फिरवावा लागतो. 'जाड कागद' निवडलेलं असेल तरी पडतो. पाकिटं किंवा अरुंद कागद एकामागोमाग छापले तर बरेच लेझर मुद्दाम थांबत थांबत चालतात, नाहीतर फ्यूजरच्या कडा जास्त तापतात. शाईच्या प्रिंटरमध्ये 'क्वाएट मोड' चुकून चालू राहतो. आमच्याकडे 'बिघडलेला' म्हणून आलेल्या एका प्रिंटरला एवढंच झालं होतं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

विंडोजवर भराभर छापतो, तोच प्रिंटर लिनक्सवर रखडतो. सिस्टिमचा दोष का?

इंजिनाचा वेग सगळीकडे तोच. मोटर काही विंडोज ओळखत नाही. फरक पडतो तो पान रचायला लागणाऱ्या वेळात. इथे थोडं गणित करूया, कारण हे एकदा कळलं की बाकी निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

ए-फोर कागद ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) म्हणजे आडवे सुमारे ४९६० आणि उभे ७०१६ ठिपके. गुणाकार केला तर जवळजवळ साडेतीन कोटी. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तरी एका पानाचे साधारण ४.३ एमबी झाले. रंगीत, २४ बिटांचं पान धरलं तर १०० एमबीच्या वर. आणि ज्या मजकुरातून हे पान तयार झालं तो काही केबींचा.

आता एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी२९०० आठवा. आपल्याकडच्या वकिलांच्या आणि सीएंच्या टेबलांवर हे दोघे वर्षानुवर्षं बसलेले आहेत. दोघांचीही मेमरी २ एमबी. म्हणजे अख्खं कच्चं पान आत मावतच नाही. ड्रायव्हर ठिपके दाबून, पट्ट्यापट्ट्यांनी पाठवतो. हे दाबण्याचं काम कंपनीचा विंडोज ड्रायव्हर त्या मॉडेलसाठी नीट घोटून करतो. लिनक्सवर फाईल आधी पीडीएफ होते, मग घोस्टस्क्रिप्ट किंवा पॉपलर नावाचा प्रोग्रॅम तिचे ठिपके करतो, मग वेगळा फिल्टर ते प्रिंटरच्या बोलीत बांधतो. दहा वर्षांच्या जुन्या पीसीवर, फोटोंनी भरलेल्या फाईलला यात वेळ जातो आणि प्रिंटर दोन पानांच्या मध्ये श्वास घेत बसतो. साध्या मजकुराच्या पानांना मात्र फरक जाणवू नये. जाणवत असेल तर चुकीचा ड्रायव्हर निवडला गेला आहे, किंवा रिझोल्यूशन १२०० वर आहे. दुप्पट डीपीआय म्हणजे चौपट ठिपके.

उलटंही होतं. पोस्टस्क्रिप्ट समजणाऱ्या ऑफिस प्रिंटरवर मॅक किंवा लिनक्सवरून काम झटकन सुटतं, आणि त्याच प्रिंटरला विंडोजवर भलताच ड्रायव्हर लागला असेल तर तिथे रखडतं. एकच सिस्टिम नेहमी जलद, असं नसतं.

माझा लेझरजेट १०२० नव्या कॉम्प्युटरवर दिसतो, पण छापत नाही.

१००० ते १०२० या पिढीतल्या काही मॉडेलांची एक गंमत आहे. स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम, ते सांभाळून ठेवत नाहीत. स्विच बंद केला की विसरतात, चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते पुन्हा भरायचं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. लिनक्सवर एचपीचं एचपीलिप हे ड्रायव्हरचं पॅकेज आणि वर त्याचं वेगळं प्लगइन टाकावं लागतं. प्लगइन राहिलं तर प्रिंटर यादीत दिसतो, काम रांगेत लागतं, कागद हलत नाही. दहापैकी नऊ वेळा एवढंच असतं.

एलबीपी२९०० ची बोली वेगळीच, कॅप्ट नावाची. लिनक्ससाठी कॅननचा ड्रायव्हर आहे, पण तो ६४ बिटांच्या सिस्टिमवर बसवणं म्हणजे अर्धा दिवस. हा प्रिंटर विंडोजवरच सुखाने नांदतो. त्याला तिथेच राहू द्या.

३२ बिट, ६४ बिट हा काय प्रकार? ड्रायव्हरची सीडी आहे माझ्याकडे.

सीडी जपून ठेवा, खिडकीत टांगली तर कबुतरं येत नाहीत म्हणतात. विंडोजच्या या दोन जाती, जुनी ३२ बिटांची आणि नवी ६४ बिटांची. ६४ बिटांच्या विंडोजला ६४ बिटांचाच ड्रायव्हर लागतो आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येतं. नव्यातली अडचण म्हणजे एआरएम प्रोसेसरवाले, स्नॅपड्रॅगनचे विंडोज लॅपटॉप. त्यांच्यावर नेहमीचे बहुतेक प्रोग्रॅम चालतात, पण ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच बनवलेला हवा. बॅटरी दिवसभर टिकते म्हणून लॅपटॉप घेतला आणि घरचा जुना प्रिंटर मुका झाला, असं होऊ शकतं. घेण्याआधी मॉडेल नंबर तपासा.

विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ टाकलं तर प्रिंटर बंद पडेल का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर चालणारा ६४ बिटांचा ड्रायव्हर बहुतेक वेळा ११ वरही चालतो. घाबरण्यासारखं नाही.

पण वारा कुठे वाहतोय ते बघून ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाकण्यावर त्यामुळे बंदी येत नाही. २०२४ च्या विंडोज ११ मध्ये, म्हणजे २४एच२ मध्ये, 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट' अशी सोय आली. ती चालू केली की फक्त मोप्रिया (ड्रायव्हरशिवाय छपाईचं मानक) प्रमाणित प्रिंटर चालतात, बाहेरचे ड्रायव्हर अजिबात नाहीत. मुळात ती बंद असते. कुणी 'सुरक्षेसाठी' म्हणून चालू करून दिली असेल आणि दुसऱ्या दिवसापासून जुना प्रिंटर गायब झाला असेल, तर आधी तिथे बघा.

याच्या मागे २०२१ चं 'प्रिंटनाइटमेअर' प्रकरण आहे. विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधल्या, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातल्या, भोकातून बाहेरच्याला कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. ड्रायव्हरला सिस्टिममध्ये मिळणारी मोकळीक तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर आली.

मॅकसाठी कुठला प्रिंटर?

एअरप्रिंट लिहिलेला कुठलाही. मॅकबुक घेतलेली मुलं पुण्याहून सुट्टीला येतात, घरच्या जुन्या जीडीआय प्रिंटरला जोडतात आणि मग आमच्याकडे येतात. कंपनीने मॅकचा ड्रायव्हर कधी बनवला असेलही, पण २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिटांचं काहीच चालत नाही आणि त्यात बरेच जुने ड्रायव्हर गेले.

लिनक्सवाल्यांनी काय बघावं?

आधी एक गंमत. मॅक आणि लिनक्स यांची छपाईची नळजोडणी एकच आहे, तिचं नाव कप्स. ती १९९९ मध्ये बाहेर आली, २००२ मध्ये अॅपलने मॅकमध्ये घेतली आणि २००७ मध्ये विकतच घेतली. त्यामुळे एअरप्रिंट असलेला प्रिंटर मॅकला चालतो तेव्हा तो हल्लीच्या उबुंटूवर, डेबियनवर किंवा फेडोरावरही बहुतेक वेळा ड्रायव्हर न टाकता चालतो. दोघेही आयपीपी हीच बोली वापरतात.

शाळेच्या लॅबसाठी प्रिंटर घेत असाल आणि लॅबमध्ये लिनक्स असेल, तर खोक्यावर पेंग्विन शोधत बसू नका, तो सापडणार नाही. एअरप्रिंटचं चिन्ह शोधा. यूएसबीनेच जोडायचा असेल तर प्रिंटर 'आयपीपी ओव्हर यूएसबी' ओळखतो का ते बघा, म्हणजे केबलनेही हाच खेळ जमतो. एचपीच्या बहुतेक मॉडेलांना एचपीलिप आहे, एप्सनच्या शाईवाल्यांना एस्कपीआर. ब्रदर लिनक्सचे ड्रायव्हर स्वतः देते, पण काहींना ३२ बिटांच्या लायब्ररी मागाहून टाकाव्या लागतात.

क्रोमबुक?

आत कप्सच आहे. वरचंच उत्तर लागू.

मोबाइलवरून थेट छापता येईल का? पूर्वी गूगलवरून होत होतं.

गूगल क्लाउड प्रिंट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. अजून लोक तेच शोधत येतात.

आयफोनला एअरप्रिंट लागतं, ते २०१० पासून आहे. अँड्रॉइडसाठी मोप्रिया, २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून काढलेलं. अँड्रॉइड ८ पासून ही छपाई फोनमध्येच असते, वेगळं अॅप लागत नाही. प्रिंटर आणि फोन एकाच वायफायवर हवेत. फोन जिओवर आणि प्रिंटर घरच्या राउटरवर, हे कितीदा तरी बघितलंय.

फोनवरून वेग कमी वाटतो तो मुख्यतः फोटोंमुळे. १२ मेगापिक्सेलचा फोटो आधारकार्डाच्या आकारात छापायचा असला तरी फोन आधी अख्खा उलगडतो, मग पाठवतो. व्हॉट्सअॅपवरून आलेली पीडीएफ असेल तर आधी फोनवर उतरवून घ्या, तिथल्या तिथे 'प्रिंट' दाबू नका.

वायफाय प्रिंटर रोज 'ऑफलाइन' दाखवतो. राउटर तर शेजारच्याच खोलीत आहे.

शेजारची खोली म्हणजे चिऱ्यांची भिंत ना? आपल्या जुन्या घरांतल्या जांभ्याच्या भिंती हात-सव्वा हात जाड असतात आणि पावसाळ्यात त्या पाणी पितात. ओली भिंत वायफाय गिळते. मे महिन्यात चालणारा प्रिंटर जुलैत रुसला, तर आधी हाच संशय घ्यावा. लोक राउटर देवघराच्या वर उंच ठेवतात आणि प्रिंटर आतल्या कोठीच्या खोलीत. त्यांची गाठ पडायची कशी?

बहुतेक घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल तर जोडणी करताना गोंधळ होतो. थोडा वेळ ५ गिगाहर्ट्झ बंद करून प्रिंटर जोडा, नंतर चालू करा.

सिग्नल चांगला असूनही ऑफलाइन दाखवत असेल तर गोष्ट वेगळी आणि ती जास्त करून विंडोजची. विंडोज प्रिंटर आपोआप शोधतं तेव्हा पुष्कळदा 'डब्ल्यूएसडी' नावाचं पोर्ट बनवतं. लाईट गेली, राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला की कधी कधी ते पोर्ट जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतं. आणि आमच्याकडे लाईट कितीदा जाते ते सांगायला नको. राउटरमध्ये प्रिंटरसाठी पत्ता कायमचा राखून ठेवा, मग विंडोजमध्ये 'स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट' करून तोच पत्ता घाला. पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीची खूणही काढून बघा. प्रिंटर हाकेला ओ देतोय पण तिथली विचारपूस फसतेय, म्हणून खोटंच 'ऑफलाइन' दिसतं, असंही होतं. हे एकदा केलेली गिऱ्हाइकं त्याच तक्रारीसाठी क्वचितच परत येतात. धंद्याच्या दृष्टीने वाईट सल्ला आहे.

तरीही जमत नसेल तर केबल. दहा मीटरची लॅन केबल वायफायपेक्षा नेहमीच इमानी.

एका पीसीला जोडलेला प्रिंटर ऑफिसातल्या बाकीच्यांनी वापरायचा आहे. सप्टेंबर २०२१ नंतर '११बी' एरर येतो.

प्रिंटनाइटमेअरनंतरच्या अपडेटने विंडोजमधलं शेअरिंग कडक केलं, तेव्हापासूनचा हा पाहुणा. नेटवर रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगांतली) एक किल्ली बदलून तो घालवायचा उपाय मिळतो. तो चालतो, पण त्याने सुरक्षेची कडी काढली जाते. पंचायतीत किंवा पतसंस्थेत तरी करू नका. नेटवर्क पोर्ट असलेला प्रिंटर घ्या आणि प्रत्येक कॉम्प्युटर थेट त्याला जोडा. मॅक आणि लिनक्स मिसळलेले असतील तर दुसरा शहाणपणाचा मार्ग नाहीच. विंडोजमार्फत मॅकवरून छापणं म्हणजे पणजीला जायला मडगाववरून वळसा.

घरी वर्डमध्ये अर्ज दोन पानांत बसला होता. तुमच्याकडे तीन पानं झाली आणि अक्षरं पण वेगळी. प्रिंटर बदलल्यामुळे?

प्रिंटरचा यात काही हात नाही. मराठीत छापणाऱ्या प्रत्येकाने हे उत्तर नीट वाचावं.

विंडोजवर तुम्ही मंगल किंवा निर्मला वापरता. मॅकवर कोहिनूर देवनागरी किंवा देवनागरी एमटी. लिनक्सवर लोहित किंवा नोटो. फाईल दुसऱ्या सिस्टिमवर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, की सिस्टिम आपला फॉन्ट घुसवते. त्याची रुंदी आणि ओळींमधलं अंतर वेगळं, म्हणून दोनाची तीन पानं. विंडोज १० पासून मंगलसुद्धा काही मशीनांवर नसतो. तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' म्हणून वेगळा घ्यावा लागतो.

याहून वाईट म्हणजे जुने फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख यांत टाइप केलेली फाईल युनिकोड नसते. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की देवाच्या आरतीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. एका देवस्थानची महाजनांची यादी अशी आली होती, चाळीस पानं, उद्या सकाळी बैठक. ज्यांनी टाइप केली ते मुंबईला. रात्री अकराला त्यांना फोन करून पीडीएफ मागवून घेतली तेव्हा काम झालं.

म्हणून फाईल पाठवताना पीडीएफच पाठवा आणि करताना फॉन्ट आत बसवा. वर्डची फाईल सोबत द्या हवी तर, पण छापायला पीडीएफ. मराठी ल आणि श हिंदी वळणाचे आले तर मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. काही फॉन्ट भाषा बघून अक्षराचं वळण बदलतात. आणि 'दऱ्या', 'सुऱ्या', 'ऱ्हास' यांतला र तपासून घ्या, पीडीएफ करताना पहिला बळी त्याचाच जातो.

गोव्याला हे दुखणं नवं नाही. भारतात छापखाना पहिल्यांदा उतरला तो १५५६ मध्ये, जुन्या गोव्यात. तोही म्हणे निघाला होता इथिओपियाला. पुढे १६१६ मध्ये राशोलला थॉमस स्टीफन्स यांचं मराठी काव्य छापलं गेलं ते रोमन लिपीत. देवनागरीचे शेकडो खिळे पाडायचे कुणी? मजकूर मराठी, यंत्र परकं आणि मध्ये फॉन्ट नाही. चारशे वर्षं झाली, काउंटरवरची तक्रार तीच.

डॉट मॅट्रिक्सवर इंग्लिश बिल झरझर येतं, मराठी बिल रडतरखडत. असं का?

इंग्लिश अक्षरं प्रिंटरच्या पोटातच असतात. कॉम्प्युटर फक्त 'ए' म्हणतो, प्रिंटर ते स्वतः काढतो. देवनागरी पोटात नसल्यामुळे कॉम्प्युटर अख्ख्या ओळीचं चित्र करून पाठवतो आणि सुयांना ते पट्टीपट्टीने, एकाच ओळीवरून दोन-तीनदा फिरून उतरवावं लागतं. म्हणजे पहिल्या उत्तरातले डोकेवाला आणि हरकाम्या, दोघे इथे एकाच यंत्रात सापडतात.

विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर पुष्कळदा इंग्लिशसुद्धा चित्र म्हणूनच पाठवतो. नुसतं इंग्लिश बिल असेल तर 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर लावा, आवाज ऐकूनच फरक कळेल. मराठीसाठी 'ड्राफ्ट' निवडा आणि एकच ठळक फॉन्ट ठेवा. कार्बनच्या प्रती नको असतील तर लेझरकडे वळा, इथे जिद्दीचा उपयोग नाही.

पीडीएफ सतराव्या पानावर अडकते. नेहमी सतराव्याच.

म्हणजे दोष फाईलमध्ये आहे, प्रिंटरमध्ये नाही. त्या पानावर मोठा स्कॅन, पारदर्शक शिक्का किंवा मोडका फॉन्ट असणार. अॅडोब रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'प्रिंट अॅज इमेज' करा. हळू छापेल, पण छापेल. किंवा तेवढंच पान ब्राउझरमधून छापा. रांग पूर्ण तुंबली असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर थांबवून त्याच्या फोल्डरमधली कामं पुसा आणि पुन्हा चालू करा. लिनक्सवर आणि मॅकवर रांग उघडून काम रद्द केलं तरी पुरतं.

कागद भरलेला आहे तरी 'कागद घाला' म्हणतो.

लॅपटॉपचा प्रदेश अमेरिका ठेवलेला आहे, म्हणून फाईल 'लेटर' आकाराची झाली आणि ट्रेमध्ये आहे ए-फोर. मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हीकडे होतं. प्रदेश भारत करा. कोर्टाच्या कामाला लीगल हवा असेल तर सांभाळून. अमेरिकन लीगल १४ इंच लांब, आपल्याकडे मिळणारा कागद त्याहून आखूड असू शकतो. काही ड्रायव्हरांत 'इंडियन लीगल', २१५ बाय ३४५ मिलिमीटर, असा पर्याय असतो. नसेल तर पट्टीने मोजून स्वतःचा आकार बनवा.

पावसाळ्यात कागद अडकतो आणि वेगही कमी होतो. ड्रायव्हर बदलू का?

ड्रायव्हर नको, कागद बदला. वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात उघडं पाकीट चार दिवसांत दमट होतं. दमट कागद दोन दोन एकदम ओढले जातात, फ्यूजरमधून वाकडे बाहेर पडतात. आणि अडकलेला कागद काढण्यात जो वेळ जातो तो कुठल्याच मिनिटाच्या आकड्यात धरलेला नसतो. रीम प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा, ट्रेमध्ये रोजच्यापुरताच घाला. काही लेझरच्या सेटिंगमध्ये कागदाचं वळणं कमी करण्याचा पर्याय असतो, तो जून ते सप्टेंबर चालू ठेवायला हरकत नाही, छपाई जराशी फिकी येईल.

शाईवाल्यांनी आठवड्यातून एक रंगीत पान काढावं, नाहीतर शाई फवारणारं डोकं सुकतं. आणि आतून तुरुतुरु आवाज आला तर झाकण हळूच उघडा. पाल असते.

शेवटी घ्यायचा कुठला?

महिन्याला शंभराहून कमी पानं आणि घरात फोन-लॅपटॉप मिसळलेले: एअरप्रिंट आणि मोप्रिया दोन्ही लिहिलेला लहान लेझर. मुलांचे रंगीत प्रकल्प असतील तर टाकीवाला शाईचा, त्याच दोन अटींवर. ऑफिस, तीन-चार कॉम्प्युटर, सिस्टिम वेगवेगळ्या: लॅन पोर्ट आणि पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असलेला, दोन-चार हजार जास्त पडले तरी. जुना जीडीआय चालू असेल तर फेकू नका, एक जुना विंडोज पीसी त्याला कायमचा जोडून कोपऱ्यात ठेवा, फक्त त्या पीसीवर नेट नको.

दुरुस्तीला आणताना काय काय आणू?

प्रिंटर, त्याची पॉवरची वायर, यूएसबी केबल आणि जमलं तर तो लॅपटॉप. निम्मा दोष लॅपटॉपमध्येच असतो. टाकीवाला प्रिंटर असेल तर वाहतुकीची कडी लावून, टाक्यांची बुचं घट्ट करून, सरळ धरून आणा, स्कूटरवर पायांमध्ये आडवा घालून नको. गेल्या पावसात एकजण साखळीहून तसा घेऊन आले. प्रिंटर ठीक होता, पँट निळी झाली.